सायलेन्सरची चोरी भंगाराच्या काट्यावर थांबेल

प्रति,
माननीय गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,


हे पत्र व्हॅनच्या सायलेन्सरबद्दल आहे. आपल्या टेबलावर रोज खून, दरोडे आणि सायबर फसवणुकीच्या फायली येत असतील. त्यात सायलेन्सरसाठी वेळ मागते आहे, कारण ज्या घरांचं पोट एका व्हॅनवर चालतं त्या घरांत या चोरीनंतर दुसऱ्या दिवशी चूल कशी पेटवायची हा प्रश्न असतो.

मी पुण्याच्या एका उपनगरात डबे आणि लहान समारंभांच्या जेवणाचा व्यवसाय करते. त्यासाठी माझ्याकडे ईको व्हॅन आहे. आमच्या रस्त्याच्या कडेला रात्री अशा आणखी काही ईको आणि जुन्या ओम्नी उभ्या असतात. एक शाळेची मुलं नेणाऱ्या काकांची, एक पाव-टोस्ट पोचवणाऱ्याची, एक इलेक्ट्रिशियनची, एक पहाटे मार्केट यार्डातून भाजी आणणाऱ्या नवरा-बायकोची. या गाड्या हौसेने रस्त्यावर राहत नाहीत. बऱ्याच सोसायट्या पिवळ्या पाटीची गाडी आत लावू देत नाहीत, आणि चाळीत राहणाऱ्याला तर आत लावायला जागाच नसते. दिवसभर कमावणारी गाडी रात्री सगळ्यांच्या नजरेआड एकटी उभी राहते.

मागच्या पावसाळ्यात एका सकाळी शाळेच्या काकांनी किल्ली फिरवली आणि अख्ख्या गल्लीच्या खिडक्या उघडल्या. ईकोचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, त्यामुळे तो फुटका, कर्कश आवाज थेट बसणाऱ्याच्या अंगाखालून येतो. काकांनी घाबरून गाडी बंद केली. आम्ही वाकून पाहिलं. इंजिनातून येणाऱ्या पाइपाचं तोंड उघडं पडलं होतं, ऑक्सिजन सेन्सरची वायर लोंबकळत होती आणि गाडीखाली एक पोतं अंथरलेलं होतं. चोराने पाठ भिजू नये म्हणून ते आणलं असणार. वर रेनकोट घातलेली, दप्तरं पाठीला लावलेली मुलं उभी होती, त्यांची त्या दिवशी चाचणी परीक्षा होती. आयांनी रिक्षा शोधायला पळापळ केली. काका मात्र पोत्याकडे बघत राहिले, कारण चोर किती निवांतपणे काम करून गेला होता हे त्या पोत्यावरून कळत होतं.

साहेब, चोराला लोखंडी नळी नको असते. त्याला हवं असतं ते सायलेन्सरच्या वाटेत बसवलेलं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. एका डब्यात मधमाशांच्या पोळ्यासारखी बारीक घरांची चिनी मातीची जाळी असते आणि त्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा पातळ लेप असतो. इंजिनातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड, अर्धवट जळलेलं इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं या लेपावरून जाताना कमी घातक वायूंत बदलतात. एका गाडीत हे धातू काही ग्रॅमच असतात, पण त्यांना भाव आहे. २०२१ साली ऱ्होडियम जागतिक बाजारात सोन्याच्या दहापटीहून जास्त दराने विकलं जात होतं. त्याच सुमारास मुंबई, ठाणे, पुण्यापासून अहमदाबाद, सुरतपर्यंत ईकोचे सायलेन्सर रातोरात गायब होऊ लागले आणि पोलिसांनी टोळ्या पकडल्याच्या बातम्या येऊ लागल्या. काही चोर तर जाळी फोडून तिचा चुरा तेवढा काढून घेतात आणि रिकामा डबा पुन्हा जागेवर लावून जातात. तो चुरा किलोच्या भावाने पुढे जातो. धंद्यात त्याला सरळ 'माती' म्हणतात.

ईकोच का, हे आमच्या गॅरेजवाल्याने मला गाडीखाली टॉर्च धरून दाखवलं. गाडी जमिनीपासून उंच आहे. जॅक न लावता सडपातळ माणूस सहज खाली सरकतो. डबा हाताशी येतो. नट गंजलेले असले तर त्यावर तेल मारायचं आणि पाना लावायचा, नाहीतर बॅटरीवर चालणाऱ्या कटरने पाइप कापायचा. त्याने हात न लावता, नुसतं बोट दाखवत सगळी कृती सांगितली आणि ती सांगायला त्याला जेवढा वेळ लागला त्यापेक्षा फार जास्त वेळ चोराला लागत नसावा.

काकांबरोबर मी पोलीस चौकीत गेले. चौकीचं नाव लिहीत नाही, कारण माझी तक्रार त्या माणसांविरुद्ध नाही. रात्रपाळी संपवून थकलेल्या अंमलदारांनी पाणी दिलं, नीट ऐकलं. मग त्यांनी विचारलं, "गाडी किती जुनी? सायलेन्सरची किंमत किती लावायची?" गाडी आठ वर्षांची. त्यांनी भंगाराच्या हिशोबाने एक आकडा सुचवला. तो पाच हजारांच्या आत होता. त्या एका आकड्याने काकांची फिर्याद एनसी, म्हणजे अदखलपात्र झाली.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली तेव्हापासून हे घडतं आहे. तिच्या कलम ३०३ नुसार चोरी दखलपात्र आहे, पण चोरलेल्या मालाची किंमत पाच हजारांपेक्षा कमी असेल तर ती अदखलपात्र आणि जामीनपात्र ठरते. अशा चोरीत पहिल्यांदाच दोषी ठरलेल्या चोराने माल परत केला तर त्याला समाजसेवेची शिक्षा होते. भुकेपोटी दुकानातून काही उचलणाऱ्या पोराला तुरुंगात टाकू नये, या विचाराशी मी सहमत आहे. पण कटर, पोतं आणि मोटारसायकल घेऊन रात्री तीन वाजता ठरवून आलेली टोळी त्या सवलतीत बसू नये. नवा सायलेन्सर बसवायचा तर काकांना पाच आकडी रक्कम मोजावी लागते आणि पंचनाम्यात किंमत लागते भंगाराची. चोराच्या दृष्टीने त्या वस्तूची किंमत आतल्या धातूत आहे, मालकाच्या दृष्टीने ती नव्या भागाच्या बिलात आहे. भंगाराचा भाव या दोघांपैकी कुणाचाच नाही.

याच संहितेत कलम ३०५ आहे. माल किंवा प्रवासी वाहून नेणाऱ्या वाहनाची चोरी आणि अशा वाहनातून वस्तूची चोरी त्यात येते. शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे आणि तिथे पाच हजारांची अट नाही. शाळेची व्हॅन प्रवासी नेते, माझी व्हॅन माल नेते. मी वकील नाही, पण मजकूर वाचल्यावर मला तरी वाटतं की अशा गाडीचा सायलेन्सर काढून नेणं किंवा तिची काच सरकवून आतली हत्यारं नेणं याच कलमात बसतं. टोळी असेल तर कलम ११२ आहे, किरकोळ संघटित गुन्हेगारीचं. वाहनातून केलेली चोरी त्यात शब्दांनी लिहिलेली आहे आणि किमान एक वर्षाची शिक्षा सांगितलेली आहे. कायद्याने हत्यार दिलं आहे, ते चौकीच्या टेबलापर्यंत पोचलेलं नाही. आपल्या खात्यातून एक परिपत्रक निघालं, की धंद्याच्या वाहनातून झालेल्या चोरीत कलम ३०५ आणि जिथे लागू तिथे ११२ तपासून पाहावं आणि कंपनीच्या भागाची चोरी असेल तर किंमत नव्या भागाच्या बिलावर धरावी, तर काकांसारख्या माणसाला एनसीचा कागद घेऊन घरी यावं लागणार नाही. तो कागद विम्यालाही पुरत नाही. काकांकडे तर नुसता थर्ड पार्टी विमा होता, त्यात चोरी येतच नाही. पूर्ण विमा असता तरी पाच ते दहा वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर चाळीस टक्के घसारा कापला गेला असता.

आता लोक आम्हाला सांगतात, तुम्ही तुमची गाडी सांभाळा. सांभाळतो. इलेक्ट्रिशियनने ड्रिल, ग्राइंडर, वायरींचे बंडल रोज रात्री तिसऱ्या मजल्यावर न्यायला सुरुवात केली, कारण एका रात्री सरकत्या दाराच्या काचेतून हात घालून कडी काढली होती. आम्ही सगळे आता गाडी भिंतीला इतकी घासून लावतो की एका बाजूचं सरकतं दार उघडताच येऊ नये आणि मागचं दार दुसऱ्या गाडीच्या तोंडाशी यावं. दोघांनी इंधनपंपाच्या वायरीत लपवलेला कट-ऑफ स्विच बसवून घेतला. २०२२ च्या अखेरीस आलेल्या नव्या ईकोत इमोबिलायझर आहे, खोट्या किल्लीने ती सुरू होत नाही, हे चांगलंच झालं. पण इमोबिलायझर सायलेन्सर राखत नाही. त्यासाठी वेल्डरकडून लोखंडी सळयांचा पिंजरा बसवून घ्यावा लागतो. तोही गाडी तापली की प्रसरण पावेल अशी फट ठेवून, नाहीतर पाइपालाच तडा जातो. मी तो बसवला. डब्यावर उष्णता सोसणाऱ्या रंगाने आणि खोदून गाडीचा नंबर टाकला. माझी मोठी पातेली, शेगडी आणि सिलिंडर मात्र मी रोज जिन्याने वर नेऊ शकत नाही. माझ्या वयाच्या आणि माझ्या गुडघ्यांच्या कुठल्याही बाईला ते जमणार नाही.

हे सगळं करूनही एक गोष्ट बदलत नाही. पिंजरा असलेली गाडी सोडून चोर पुढच्या गाडीकडे जातो. माझी वाचते, पाववाल्याची जाते. जोपर्यंत त्या डब्याला गिऱ्हाईक आहे तोपर्यंत प्रत्येक कुलूप चोरीची जागा फक्त सरकवतं. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की पोलिसांची नजर रस्त्यावरून उचलून खरेदीदाराकडे वळवा. ऱ्होडियमची माती कुणी घरी ठेवत नाही, तिचा दागिना होत नाही. ती विकावीच लागते आणि ती विकत घेणारे मोजके असतात. चोर शंभर असतील, पण ती माती गोळा करून शुद्धीकरणासाठी पुढे पाठवणारे शंभर नसतात.

त्या साखळीत आज नोंद कुठे आहे? गाडी मोडीत काढायची तर केंद्राच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे नोंदणीकृत केंद्रात जावं लागतं आणि ती चोरीची नाही ना हे तपासलं जातं. अख्खी गाडी तपासली जाते, तिच्यातला सर्वांत महागडा डबा सुटा आला तर कुणी विचारत नाही. १० ऑक्टोबर २०२४ पासून लोखंड, तांबं, अॅल्युमिनिअम यांच्या भंगारावर बिननोंदणीच्या विक्रेत्याकडून घेतल्यास जीएसटी खरेदीदाराने भरायचा, असा नियम आहे. म्हणजे करासाठी भंगाराच्या खरेदीची नोंद ठेवायला लावणं आपल्या राज्यकारभाराला जमतं. मग चोरी रोखण्यासाठी का जमू नये?

इंग्लंड आणि वेल्समध्ये धातूचोरी हाताबाहेर गेली तेव्हा २०१३ साली स्क्रॅप मेटल डीलर्स कायदा आला. भंगार व्यापाऱ्याला परवाना, विकणाऱ्याच्या ओळखीची आणि पत्त्याची खातरजमा, खरेदीच्या नोंदी, आणि मुख्य म्हणजे रोख पैशात भंगार विकत घ्यायला बंदी. चोऱ्या तिथेही पूर्ण संपल्या नाहीत. पण पैसे बँकेतून गेले की तपासाला धागा मिळतो, एवढं तरी त्या कायद्याने साधलं. आपल्याकडे नवा कायदा यायला वेळ लागेल हे मला कळतं. तोपर्यंत एक वाट आहे. घर भाड्याने दिलं की भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवा, असे आदेश पोलीस आयुक्त काढतात. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली. त्याच धर्तीवर सुटं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर किंवा त्याचा चुरा विकत घेणाऱ्याने विकणाऱ्याचं ओळखपत्र, गाडीचा नंबर आणि डब्याचा फोटो ठेवावा, पैसे रोख देऊ नयेत, असा आदेश मुंबई, ठाणे, पुणे, पिंपरी-चिंचवड, नाशिक आणि नवी मुंबईच्या आयुक्तांना काढता येईल का, हे आपल्या कायदा विभागाकडून तपासून घ्यावं. कलम १६३ चे आदेश मुदतीचे असतात, हे ठाऊक आहे. मुदत संपेपर्यंत कायमच्या नियमाचा मसुदा तयार होऊ शकतो.

जो व्यापारी प्रामाणिक आहे त्याला या नोंदीचा त्रास नाही. गॅरेजवाले रोज खराब झालेले डबे बदलतात, त्यांच्याकडे जॉब कार्ड असतं, त्याची प्रत दिली की काम झालं. आणि जो जाणूनबुजून चोरीचा माल वारंवार घेतो त्याच्यासाठी न्याय संहितेचं कलम ३१७ आहे. चोरीच्या मालाचा नेहमीचा धंदा करणाऱ्याला त्यात दहा वर्षांपर्यंत कैद किंवा जन्मठेपही सांगितली आहे. ईकोखाली झोपणाऱ्या पोराला पकडल्यावर तपास तिथेच थांबू नये. त्याने माल कुणाला दिला हे दोषारोपपत्रात आलं पाहिजे. माझ्या मते या सगळ्या पत्रातली ही सर्वांत महत्त्वाची ओळ आहे.

खोदलेल्या नंबरचाही उपयोग तेव्हाच होतो. मी माझ्या डब्यावर नंबर खोदला, पण तो वाचणारा कुणी नसेल तर ती नुसती रेघ आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०१९ साली वाहनांवर आणि त्यांच्या भागांवर डोळ्यांना जवळजवळ न दिसणारे मायक्रोडॉट बसवण्याबाबत नियमाचा मसुदा काढला होता. राज्याने त्याचा पाठपुरावा करावा आणि निदान व्यावसायिक व्हॅनच्या कन्व्हर्टरवर कारखान्यातूनच चासी नंबर कोरून यावा, असा आग्रह केंद्राकडे आणि उत्पादकांकडे धरावा. आरटीओत दरवेळी फिटनेसला गाडी येते तेव्हा जुन्या गाड्यांवरही हे करून घेता येईल.

परिवहन आणि पर्यावरण खात्यांनीही यात लक्ष घालायला हवं. सायलेन्सर चोरीला गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी धंदा बंद ठेवू शकत नाही. पैसे नसले की तो कुठून तरी साधा, कन्व्हर्टर नसलेला सायलेन्सर लावून घेतो. गाडीचा आवाज जातो, धूर तसाच राहतो. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा पेटून राहतो आणि तपासणी नीट झाली तर पीयूसीला अडकते. मग तपासणी नीट न होणारं केंद्र शोधलं जातं. ज्या गाडीत बारा-तेरा वर्षांची मुलं बसतात, जी सिग्नलवर आपल्या शेजारी थांबते, तिच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड आपण सगळे श्वासात घेतो. बीएस-४ आणि बीएस-६ साठी देशाने एवढा खर्च केला तो एका पान्याने सुटून चालला आहे. अशा चोरीचा फटका बसलेल्या मालकाला कमी व्याजाचं छोटं कर्ज मिळालं तर तो मूळ भागच बसवेल. परिवहन खात्याशी बोलून ही सोय झाली तर चोरीमुळे होणारं प्रदूषण तरी थांबेल.

पार्किंगबद्दल थोडंच लिहिते, कारण ते आपल्या एकट्याच्या हातात नाही. महापालिकांची पार्किंगची ठिकाणं रात्री रिकामी असतात, मंडयांची आवारं रात्री ओस पडतात. उजेड आणि एक रखवालदार असेल तर आम्ही महिन्याचे पैसे भरून तिथे गाड्या लावू. नगरविकास खात्याला आपण दोन ओळी लिहिल्या तर त्याला वजन येईल. आणि बीट मार्शलना गस्तीत पहाटे दोन ते चार या वेळेत व्हॅनच्या रांगा असलेले रस्ते घ्यायला सांगावं. कुठले रस्ते, ते आम्ही यादी करून देऊ.

नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार ऑनलाइन तक्रार देऊन तीन दिवसांत सही करता येते, ही तरतूद चांगली आहे. पण पहाटे पाचला गाडी काढणाऱ्या माणसाला ती मोबाइलवर, मराठीत, गाडीच्या नंबरावरून आपोआप माहिती भरली जाईल अशी मिळायला हवी. फोटो त्यातच जोडता आले तर पंचनाम्यासाठी गाडी दिवसभर उभी ठेवावी लागणार नाही. एका दिवसाची फेरी बुडाली की शाळेचे पालक दुसरी व्हॅन बघतात आणि ती मुलं मग परत येत नाहीत. काकांच्या गाडीतली काही मुलं अशीच गेली.

आपण या विषयावर बैठक घेतलीत तर पोलिसांबरोबर भंगार व्यापारी, गॅरेजवाले आणि व्हॅनमालक यांनाही बोलवावं. व्यापाऱ्यांची बाजू मी इथे मांडू शकलेले नाही, ती त्यांनीच मांडलेली बरी. आमच्या रस्त्यावरचे सगळे यायला तयार आहेत. एकच विनंती, बैठक दुपारी दोन ते चारच्या दरम्यान ठेवावी. डब्यांच्या फेऱ्या तोवर संपतात आणि शाळा सुटायला वेळ असतो.

आपली,
पुण्यातली एक व्हॅनमालक